खारा वारा आणि गोडे पाणी

मुंबईत गाडी धुवायची ती तिने चकाकावे म्हणून. आमच्या अष्टागरात धुवायची ती दोन-चार वर्षे जास्त जगावी म्हणून. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. लाट फुटली की त्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर बसून गावात शिरतात आणि खिडकीच्या गजांवर, सायकलीच्या साखळीवर, फाटकाच्या बिजागरीवर मुक्काम ठोकतात. मिठाचा स्वभाव मोठा हावरा. हवेतला दमटपणा ओढून घेऊन ते लोखंडाला सदा ओलसर ठेवते, आणि ओलसर लोखंडाला गंजायला दुसरे निमित्त लागत नाही.

या दुखण्याची भीती नसलेली वास्तू अलिबागेत मला एकच ठाऊक आहे. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागणार, त्यांनी वेध बिघडणार, म्हणून कुलाब्याचे हे काम १९०४ पासून अलिबागेत आले. आणि चुंबकाची सुई भरकटू नये म्हणून वेधगृहे बांधताना लोखंड वर्ज्य केले गेले. बाकी आम्ही सारे गंजाच्या राज्यातली प्रजा.

माझी गाडी दहा वर्षांची. नागावहून अलिबागेला कॉलेजात आणि परत, एवढाच तिचा संसार. दर रविवारी बादली आणि फडके घेऊन मी तिला पुसत आले, त्यामुळे तोंडावरून तिचे वय कळत नाही. पण यंदा पावसाळ्याआधी मिस्त्रीने तिला उचलून धरली आणि मला खाली बोलावले. म्हणाला, "बाई, वरून नवी नवरी आहे, खालून बोट लावा, आरपार जाईल."

यात कोडे काही नाही. टपावरचे मीठ पाऊसही धुऊन नेतो. मडगार्डच्या आत आणि पोटाखाली ना पाऊस पोचत ना आपले फडके. तिथले मीठ वर्षानुवर्षे निवांत बसून पत्रा खाते. शिवाय मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या आणणारी मोठी बोट सुरू झाल्यापासून मीही कधीमधी गाडीसकट तीतून जाते. सोय उत्तम, पण वारा असला की समुद्राचे तुषार गाडीला आंघोळ घालतात.

तेव्हा घरच्या घरी गाडी धुण्याचे यंत्र घ्यायचे ठरले. मुंबईच्या दुकानात विक्रेत्याने ते कसे चालते ते मोठ्या उत्साहाने दाखवले. मी विचारले, "नळ नसला, नुसती विहीर असली तर चालेल का हो?" तो हसून म्हणाला, "काय मॅडम, अलिबागहून आलात की काय?" मी म्हटले, "हो." पुढचे सगळे त्याने फार आदराने समजावून सांगितले.

यंत्र दिसायला प्रवासी बॅगेएवढे. आत विजेवर चालणारा पंप, एका अंगाला पाणी घेणारी नळी, दुसऱ्या अंगाला बंदुकीसारखी तोटी. चाकातल्या हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो. या तोटीतून पाणी निघते ते शंभर बारने. असे पंप काही आजचे नव्हेत. जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांनी गरम पाण्याचा दाबपंप १९५० साली बाजारात आणला होता. आपल्या ओसरीपर्यंत यायला त्याला वेळ लागला, इतकेच. यंत्राची नळी बादलीतही सोडता येते, हे मला सर्वांत आवडले. विहिरीच्या पाण्यात रेती असते आणि रेतीने पंपाचा जीव जातो, म्हणून तोंडाशी जाळी मात्र हवीच.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी चाचणी झाली. पंचक्रोशीतली पोरे जमली होती; पण मला धास्ती होती ती शेजारच्या सदाकाकांची. विहीर दोन्ही घरांची सामाईक आहे आणि काकांची सुपारीची वाडी तिच्यावर जगते. काका रहाटाच्या काळातले. मे महिन्यात रोज सकाळी ते विहिरीचे पाणी बोटाने जिभेवर घेतात. मचूळ लागले की त्या दिवशी पंप बंद. मग घरात पाहुणे असोत की लग्न असो.

त्यांचे हे शास्त्र पुस्तकातल्या शास्त्राशी तंतोतंत जुळते. किनाऱ्यावरच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते किंचित हलके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडच्या घायबेनने आणि १९०१ मध्ये जर्मनीच्या हर्झबर्गने याचा हिशोब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचाच उलटा अर्थ असा, की उपसा करून वरची पातळी एक फुटाने खाली आणली तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते. प्रत्यक्ष जमिनीत आकडे इतके नेमके राहत नाहीत, पण दिशा तीच. शनिवार-रविवारच्या बंगल्यांतून बोअरचे पाणी हिरवळीवर उधळताना पाहिले की मला हा चाळीसचा आकडा आठवतो.

म्हणून मी चाचणीत पाणी मोजले. वीस लिटरची बादली साध्या नळीने सव्वा मिनिटात भरते. त्या नळीने वीस मिनिटे गाडी धुतली, आणि बहुतेक जण तेवढी धुतातच, तर ३२० लिटर गेले. यंत्राने एक बादली तीन मिनिटांहून थोडी अधिक पुरली. पोटाखाली दोन बादल्या लागल्या, वरच्या अंगाला दीड. सगळे मिळून ७० लिटर. फडक्याने मी ४५ लिटरमध्ये भागवत असे, हेही सांगायला हवे. तेव्हा वरच्या अंगाला माझे जुने फडकेच बरे. साबणाच्या फेसाची बाटली मुलांना फार आवडली, मला ती चैन वाटली. पण पोटाखाली या यंत्राला तोड नाही. मडगार्डच्या आतून तांबूस चिखल ओघळू लागला तेव्हा पोरे गप्प झाली. एके ठिकाणी पत्र्यावर फुगवटा होता. फूटभर अंतरावरून धार पडताच तिथला रंग पोपडा होऊन उडाला आणि आतला गंज उघडा पडला. रंग गेला याचे मला वाईट वाटले नाही. रोग दिसला, त्यावर आता लेप तरी देता येईल.

काका इतका वेळ पायरीवर बसून बादल्या मोजत होते. धुणे आटोपल्यावर ते उठले, खाली वाकले, मडगार्डमधून ठिबकणारा थेंब त्यांनी बोटावर घेतला आणि जिभेला लावला. "सूनबाई, अजून खारट आहे. आणखी दोन मिनिटं मारा."

एवढा काटेकोर परीक्षक मला विद्यापीठातही भेटला नाही. मी आणखी दोन मिनिटे मारली. मग थेंब पास झाला.

पुढचा तह पायरीवरच ठरला. होळीपर्यंत विहिरीचे पाणी. होळीनंतर विहिरीला हात लावायचा नाही. पण खरा खारा वारा उन्हाळ्यातच सुटतो, त्याचे काय? मी हिशोब केला. पंधरवड्यातून एकदा, फक्त पोटाखाली, दोन बादल्या. होळी ते मृग सात वेळा. म्हणजे २८० लिटर. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या कौलांवरून दोन लाख लिटर पाणी नुसते ओहोळाला मिळते. त्यातले हजार लिटर अडवले तरी पुरून उरेल. पन्हळीखाली हजार लिटरची झाकणाची टाकी बसवली, आणि परतीच्या पावसाने ती दोन सरींत भरून दिली.

काका टाकी पाहायला आले. झाकण उघडून त्यांनी बोट बुडवले, चव घेतली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"विहिरीपेक्षा गोड आहे," ते म्हणाले. "हे गाडीला घालणार तुम्ही?"

टाकीला आता दोन तोट्या आहेत. एक यंत्राकडे जाते. दुसरीला काकांनी स्वतःची नळी जोडून ठेवली आहे. कुंपणाशी या वर्षी लावलेली सुपारीची अकरा रोपे आहेत, त्यांच्यासाठी.