ट्रॅक्टर जुना, पैसा कुणाचा?

घरात साधा मिक्सर घ्यायचा म्हटलं तरी आपण चार दुकानं पालथी घालतो. गॅरंटी कार्डावर शिक्का मारून घेतो. साडी घेताना पदर उजेडात नेऊन बघतो. पण दारात जुना ट्रॅक्टर यायचा असला की सगळा कारभार पानटपरीवर उरकतो. संध्याकाळी घरी येऊन फक्त सांगितलं जातं, "सौदा झाला, उद्या पैसे द्यायचेत." आणि मग सगळ्यांची नजर जाते ती कपाटाकडे, बाईच्या पोत-पाटल्यांकडे.

आपला संग्रामपूर तालुका म्हणजे सातपुड्याचा पायथा. कापूस, सोयाबीन, तूर, कुठे संत्र्याच्या बागा. जमीन काळी, भारी. बैलजोडी सांभाळणं परवडत नाही आणि भाड्याचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत हाती लागत नाही. नवा घ्यायचा तर काही लाखांचं कर्ज. अशा वेळी सेकंडहँड घेणं शहाणपणाचं वाटतं आणि पुष्कळदा ते असतंही. माझा आक्षेप जुन्या ट्रॅक्टरला नाहीच. आक्षेप आहे तो जिचं सोनं गहाण पडणार, जिच्या बचत गटाचं कर्ज निघणार, तिलाच न विचारता ठरणाऱ्या सौद्याला.

विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुले काय समजते त्यातलं?" मैत्रिणींनो, म्हैस घेताना आपण काय करतो? दात बघतो, सड बघतो, एक वेळ स्वतः धार काढून बघतो. त्यासाठी कुणी जनावरांचं डॉक्टर व्हावं लागत नाही. इंजिनाचंही तसंच आहे. मिस्त्री आपला, भरवशाचा न्यावा. विकणाऱ्याने आणलेला नको. पण डोळे आपलेही उघडे असावेत.

ट्रॅक्टर बघायला जायचं ते सकाळी, इंजिन थंड असताना. आपण पोचण्याआधीच सुरू करून गरम ठेवलेलं असेल तर समजावं, थंडपणी ते लवकर सुरू होत नसावं. धूर निळसर येत असेल तर इंजिन ऑइल खातंय. इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून भकाभका धूर निघाला तर रिंगा-लायनर झिजलेले असण्याची शक्यता मोठी, म्हणजे इंजिन खोलायचा खर्च आलाच. औजार लिफ्टवर उचलून ठेवायला सांगावं. थोड्याच वेळात ते आपोआप खाली बसू लागलं तर हायड्रॉलिकचं काम निघणार. तासांचं मीटर बंद असेल तर ट्रॅक्टर किती चालला हे कुणी सांगितलं तरी खरं मानू नये. आणि नवा रंग बघून तर मुळीच भुलू नये. जुन्या भिंतीला चुना लावून पाहुणे बोलवायची रीत आपल्याला काही नवी नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघायला हवी. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाण्यात बुडालेलं यंत्र वरून धुऊन पुसून नव्यासारखं करता येतं, पण आत गेलेलं पाणी बेअरिंगं आणि वायरिंग हळूहळू खातं. इंजिनाचं आणि गिअरचं ऑइल काढून बघावं. ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. किंमत फारच कमी सांगत असतील तर हा प्रश्न आधी विचारावा.

समुद्राकाठचे लोक या बाबतीत आपल्यापेक्षा सावध. मुंबईकडे हौस म्हणून जुनी केबिनची बोट घेतात किंवा मासेमारीसाठी जुनी यांत्रिक होडी घेतात. तिचं इंजिन आत, फळीखाली दडलेलं असतं आणि खारं पाणी ते कायम खात असतं. म्हणून जाणता माणूस ती पाण्यावर डोलताना बघून पैसे देत नाही. किनाऱ्यावर ओढून तळ बघतो, मग इंजिन बघतो, मग कागद. आणि कोळीवाड्यात मासळी विकून पैसा घरी आणते ती बाई, त्यामुळे खर्चाच्या गोष्टीत तिचं तोंड बंद करणं सोपं नसतं. वावरात निंदण-वेचणी करून आपणही पैसाच आणतो की! मग सौद्याच्या वेळी आपण चहा करायला आत का?

आता कागद. खरा घोळ इथेच होतो. आर.सी. बुक हातात घेऊन इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघावा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तीही मागावी. आर.सी.वर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर त्यांचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाहीतर हप्ता थकवणार दुसरा आणि ट्रॅक्टर ओढून नेतील आपल्या दारातून. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करावं लागतं. ट्रॅक्टर फार जुना असेल तर तो खर्चही किमतीत धरावा.

"स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय, नाव पुढं करू" हे वाक्य फार महाग पडतं. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओकडे नोंद करायची, असं मोटार वाहन कायदा सांगतो. आणि हे विकणाऱ्या घरातल्या बाईनेही लक्षात ठेवावं. गाडी विकली पण नोंदणी आपल्याच नावावर राहिली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणजे ट्रॅक्टर दुसऱ्याच्या वावरात आणि कोर्टाची नोटीस आपल्या ओट्यावर!

शेवटचा प्रश्न नावाचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'तून बायकांच्या नावे जमीन करण्याची मोहीम चालवली. त्या वेळी लोक हसले असतील. आज त्या नावाची किंमत रुपयांत मोजता येते. सरकारच्या यांत्रिकीकरण योजनेत नव्या ट्रॅक्टरला साधारणपणे ४० टक्के अनुदान असलं तरी महिला शेतकऱ्याला ५० टक्के आहे, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. पण सातबारावर तिचं नाव हवं. जुन्या ट्रॅक्टरला हे अनुदान नाही. तेव्हा जुना घेण्याआधी एकदा हाही हिशेब घरात बसून मांडायला काय हरकत आहे? आणि जुनाच घ्यायचा ठरला, त्यात बाईचं सोनं गेलं, तर आर.सी.वर तिचं नाव का नको?

कुणी म्हणेल, अशाने घरात भांडणं लागतील. खरं सांगायचं तर भांडणं लागतात ती पैसे बुडाल्यावर. ट्रॅक्टर अंगणात बंद पडून उभा, सोनं सोडवता येत नाही, आणि पेरणी तोंडावर. तेव्हा कुणीच कुणाशी धड बोलत नाही. त्यापेक्षा आधी चार प्रश्न विचारलेले बरे.

तेव्हा या खेपेला घरात जुन्या ट्रॅक्टरचा विषय निघाला की कपाटाची किल्ली लगेच काढून देऊ नका. "मीपण येते बघाले," एवढंच म्हणा. आणि जाताना मिस्त्रीसोबत सकाळीच निघा, इंजिन थंड असताना.