खोबऱ्याच्या वाट्या

आईची बॅग आज रात्रीच भरून ठेवायची आहे. उद्या पहाटे तांबरमहून लोकल धरायची. सॅनेटोरियम, क्रोमपेट, पल्लावरम आणि चौथं स्टेशन तिरुसुलम. तिथून भुयारी मार्गाने जीएसटी रोड ओलांडला की विमानतळ. वाटेत जिने आहेत, म्हणून बॅग मला एकटीला उचलता येईल इतकीच जड हवी.

तिच्या विमानाला 15 किलोची मर्यादा आहे. पण वजनापेक्षा मला काळजी आहे ती आत काय जातंय याची.

पुण्याहून इकडे येताना आईने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घेतल्या होत्या. माझा काळा मसाला संपला होता आणि तो ती इथेच भाजून, कुटून देणार होती. बॅग काउंटरवर दिल्यानंतर तिला बोलावून घेतलं, कुलूप उघडायला लावलं आणि सगळ्या वाट्या बाहेर काढल्या. घरी पोचल्यावर पाणीही न पिता ती म्हणाली, "अगं, अन्न टाकून आले मी." तिकीट मी काढलं होतं. सोबत आलेली मनाई असलेल्या वस्तूंची यादी मी वाचून दाखवायला हवी होती.

ही मनाई उगाच नाही. खोबऱ्यात तेल भरपूर. हवेशी संयोग होऊन ते आतल्या आत तापतं आणि दाबून भरलेल्या सामानात ती उष्णता कोंडते. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याचा क्रमांक आहे 1363, आणि वर्ग आहे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा. आपल्या फडताळातली वाटी त्या वर्गात बसते, हे कुठल्या आईला ठाऊक असणार? पूजेचा कापूरही बॅगेत चालत नाही. पॉवर बँक मात्र जवळच्या पिशवीतच ठेवायची. ती पेटली तर केबिनमध्ये माणसं धावतात. विमानाच्या पोटात कोण पोचणार?

बाकीचं आईला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लास्टिक, वर झाकण, मग बरणी पिशवीत आणि पिशवी स्टीलच्या डब्यात. जड डबे चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केली तरी साड्या चेंगरत नाहीत. मी आतमध्ये नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवली, मागच्या प्रवासाची चिकटपट्टी खरवडून काढली (जुना बारकोड वाचला गेला तर बॅग भलतीकडे जाऊ शकते) आणि उघड्या बॅगेचा फोटो काढला. रक्तदाबाच्या गोळ्या, बांगड्या आणि घराची किल्ली तिच्या पर्समध्ये. या तीन गोष्टी तिच्या नजरेआड जाता कामा नयेत.

मसाला शेवटी झालाच. पश्चिम तांबरमच्या शण्मुगम रोडवर आईने खोबरं हुडकून काढलं. तमिळमध्ये त्याला कोप्परै म्हणतात. दुकानदाराला मराठी येत नव्हती, हिला तमिळ. तिने वाटी नाकाशी नेली, खवट नसल्याची खात्री केली आणि बोटांनीच अर्धा किलो सांगितलं.

आता बॅग हातकाट्याला लटकते आहे. काटा 14 किलो 400 ग्रॅमवर थांबला.

"म्हणजे सहाशे ग्रॅम उरले की," आई म्हणाली. "फिल्टर कॉफीचा अजून एक पुडा दे. शेजारच्या काकूंना होईल."