वृद्धांची देखभाल : एजन्सीची मावशी की ओळखीची?

पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय घरांत वृद्ध आई-वडिलांची देखभाल हा आता केवळ कर्तव्याचा विषय राहिलेला नाही. तो मनुष्यबळाचा, पैशाचा आणि कायद्याचाही विषय झाला आहे. मुलगा परदेशी, मुलगी दुसऱ्या शहरात, किंवा दोघेही याच शहरात, पण दिवसभर कार्यालयात, हे चित्र सार्वत्रिक आहे. खुब्याचे हाड मोडून किंवा पक्षाघाताचा झटका येऊन रुग्णालयात गेलेले वडील अशा घरात परततात, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो माणूस मिळवण्याचा. समोर दोन वाटा असतात. पहिली, नर्सिंग ब्यूरो किंवा एजन्सीला दूरध्वनी करणे. दुसरी, शेजारच्या सोसायटीतून किंवा रुग्णालयातील आयाबाईंकडून एखाद्या मावशींचा पत्ता काढणे.

हा प्रश्न वाढतच जाणार आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. २०५०पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३च्या अहवालात वर्तवला. त्या मानाने घरपोच देखभालीची व्यवस्था मात्र अजूनही बव्हंशी तोंडी ओळखीवर आणि तोंडी आश्वासनांवर चालते.

दराचे गणित

ओळखीची मावशी स्वस्त पडते, असा सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. समजा, एजन्सी बारा तासांच्या पाळीसाठी दिवसाला ८०० रुपये आकारते. महिन्याचे ३० दिवस धरले तर २४ हजार रुपये झाले. त्यातले दिवसाला ५५० रुपये मावशीच्या हाती पडतात असे धरले, तर २६ दिवस काम करून तिला १४ हजार ३०० रुपये मिळतात. याउलट कुटुंबाने तिला थेट २० हजारांवर ठेवले, तर घराचे चार हजार वाचतात आणि तिलाही पाच-सहा हजार अधिक मिळतात. दोघांचाही फायदाच दिसतो.

परंतु हा हिशेब ती महिनाभर एकही सुटी घेणार नाही या गृहीतकावर उभा आहे. आठवड्याची एक पगारी सुटी दिली, त्या चार दिवसांसाठी ८०० रुपये रोजाने बदली बाई आणली, तर ३ हजार २०० रुपये वाढतात. दिवाळीला एक पगार बोनस दिला, तर दरमहा सुमारे १ हजार ६६७ रुपयांचा भार पडतो. एकूण खर्च २५ हजारांच्या घरात, म्हणजे एजन्सीपेक्षा जास्तच जातो. याचा अर्थ थेट नेमणुकीतील स्वस्ताई बहुतेक वेळा मावशीच्या सुटीतून आणि बोनसमधून आलेली असते. ती दिली नाही तर माणूस टिकत नाही, आणि माणूस टिकला नाही तर स्वस्ताईलाही अर्थ उरत नाही. थेट नेमणूक करायचीच, तर ती पैसे वाचवण्यासाठी नव्हे, चांगला माणूस टिकवण्यासाठी करावी, हे या गणिताचे तात्पर्य आहे.

पांढरा कोट म्हणजे प्रशिक्षण नव्हे

दुसरा समज असा, की एजन्सीचा माणूस प्रशिक्षितच असतो. प्रत्यक्षात 'सिस्टर' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा असतो. तो पूर्ण करणाऱ्या परिचारिकेची राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेली सहायिका ही वेगळी पायरी आहे, आणि केवळ अनुभवातून शिकलेली मावशी ही आणखी वेगळी. तिघींचेही काम मोलाचे आहे, पण ते एकच नाही.

नाकातून घातलेल्या नळीची देखरेख, इंजेक्शन, जखमेचे ड्रेसिंग ही कामे परिचारिकेची आहेत. अंघोळ, डायपर, व्हीलचेअरवर बसवणे, भरवणे ही सहायिकेची. काही वृद्धांना केवळ सोबत आणि वेळेवर गोळ्यांची आठवण एवढेच हवे असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही तर पाठीला व माकडहाडाला जखमा होतात. आडवे झोपवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. या गोष्टी माहीत असलेली साधी मावशी, त्या माहीत नसलेल्या कोटधारी 'सिस्टर'पेक्षा अधिक उपयोगाची ठरते. म्हणून एजन्सीकडे नोंदणी क्रमांक मागावा आणि ओळखीच्या मावशीला पहिले दोन-तीन दिवस घरच्या माणसासमोर काम करू द्यावे.

बदलीचे दोन अर्थ

एजन्सीचा खरा उपयोग आयत्या वेळी कळतो. मावशी आजारी पडली किंवा अचानक गावी गेली, तर दुसरी पाठवण्याची जबाबदारी एजन्सीची. ओळखीच्या व्यवस्थेत त्या दिवशी मुलाला किंवा सुनेला रजा टाकावी लागते. मुले परदेशात असतील तर तोही मार्ग उरत नाही.

मात्र हीच बदली दुसरीकडे जाच ठरते. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा अंघोळ घालू लागला, तर ती घाबरते, हात झिडकारते, जेवण नाकारते. अशा रुग्णासाठी परिचित स्पर्श हाच उपचाराचा भाग असतो. काही करारनाम्यांत अनामत परत न मिळण्याची आणि एजन्सीच्या बाईला परस्पर कामावर ठेवल्यास दंडाची कलमे असतात. सही करण्यापूर्वी ती वाचणे आवश्यक आहे. त्याचबरोबर सलग एकच व्यक्ती देण्याची अट लेखी मागून घेणेही.

कायद्याची पोकळी

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठीचा कायदा २००७ साली झाला. त्यानुसार न्यायाधिकरण पालकांना जास्तीत जास्त दरमहा १० हजार रुपयांचा निर्वाहखर्च मंजूर करू शकते. वरच्या हिशेबात एका पाळीच्या मावशीचाच खर्च याच्या दुपटीहून अधिक होतो. ही मर्यादा काढून टाकण्याची आणि घरपोच देखभाल संस्थांची नोंदणी व किमान दर्जा ठरवण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही आणि २०२४मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले. सत्तरीपुढील नागरिकांसाठी २०२४मध्ये आयुष्मान योजनेचा विस्तार झाला खरा, पण तिचे पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी परतल्यानंतरच्या मावशीसाठी नाही.

दुसऱ्या बाजूची स्थितीही वेगळी नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा आहे, पण त्याचा भर कल्याणकारी योजनांवर आहे. वृद्धाची काळजी कशी घ्यावी याचा दर्जा तो ठरवत नाही. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये केंद्राला सांगितले. लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात, २०१३पासून, घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. परक्या घरात एकटीने रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्या घरावरही येते, याची जाणीव मात्र फार थोड्या कुटुंबांना असते.

निवड कशी करावी?

रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे, जेव्हा गरजा रोज बदलतात आणि परिचारिका लागते, तेव्हा एजन्सी सोयीची. प्रकृती स्थिरावली आणि वर्षानुवर्षांची सोबत हवी असेल, तर थेट नेमणूक आणि सुटीच्या दिवसांपुरती एजन्सी, हा मध्यममार्ग अनेकांना पेलणारा आहे. मुले दूर असतील, तर आठवड्यातून एकदा अवचित डोकावणारा एखादा नातेवाईक वा शेजारी दोन्ही व्यवस्थांत अपरिहार्य आहे.

मार्ग कोणताही असो, काही पथ्ये समान आहेत. ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांकडे नोंद. कामाचे तास, सुटी व पगार लेखी. गोळ्या-जेवणाची रोजची वही. एटीएम कार्ड व धनादेशपुस्तिका घरच्यांच्या ताब्यात. कॅमेरा लावला असेल तर मावशीला आणि वडिलांनाही तसे सांगावे. न्हाणीघर व कपडे बदलण्याची जागा वगळावी. अडचण आल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाईन उपलब्ध आहे.

या सर्व चर्चेत एक मत हमखास विचारायचे राहून जाते, आणि ते म्हणजे स्वतः आई-वडिलांचे. मुले दर, करार आणि बदली यांची तुलना करतात. परंतु दिवसाचे बारा तास त्या व्यक्तीसमवेत काढायचे असतात ते त्यांना. स्वतःच्या घरात, स्वतःच्या देहाला कोणाचा हात लागावा, हे ठरवण्याचा अधिकार वयाबरोबर संपत नाही. तो प्रश्न आधी त्यांना विचारावा. एजन्सी की ओळख, हा नंतरचा.