वुडस्टॉकची भिंत

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला इंग्लंडमधील जमिनीच्या कुंपणबंदीची ओळख बहुधा मेंढ्यांच्या द्वारे होते. थॉमस मोर याने १५१६ साली ‘युटोपिया’त मेंढ्यांवर ठेवलेला ठपका पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. लोकरीच्या व्यापाराने शेतकऱ्याला जमिनीवरून उठविले आणि त्यातून भांडवलशाहीची वाट मोकळी झाली, अशी मांडणी आपल्या अभ्यासवर्गांतूनही आपण करीत आलो. ती खोटी नाही. परंतु मेंढीच्या आधी चारशे वर्षे त्या भूमीवर हरीण येऊन बसले होते, आणि त्याच्याभोवती जी भिंत उभी राहिली तिचा विचार आपण फारसा केलेला नाही.

पहिल्या हेन्री राजाने (कारकीर्द ११०० ते ११३५) ऑक्सफर्डच्या वायव्येस वुडस्टॉक येथे हरणांचा रमणा केला. रमणा म्हटले की पुण्याच्या वाचकाला पर्वतीच्या पायथ्याशी वाटली जाणारी पेशव्यांची दक्षिणा आठवेल. पण त्या शब्दाचा मूळ अर्थ शिकारीसाठी बंदिस्त केलेले रान असाच आहे आणि येथे तो चपखल बसतो. या रमण्याभोवती हेन्रीने दगडी भिंत घातली. परदेशी राजांकडून मागून घेतलेले सिंह, बिबटे, लिंक्स आणि उंट त्याने तेथे ठेवले होते. मॉन्टपेलियरच्या सरदाराने धाडलेले एक साळिंदरही त्यात होते, असे माम्सबरीचा विल्यम हा समकालीन मठवासी इतिहासकार कौतुकाने लिहितो. भिंतीसाठी गावे आणि देवळे पाडली गेली, असे पुढच्या शतकांतील लेखकांनी लिहून ठेवले. त्यात अतिशयोक्ती असू शकेल. साळिंदराची मात्र नोंद तत्काळ झाली. उठविलेल्या माणसांची आठवण काढायला काही शतके जावी लागली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. नॉर्मन राजांचे ‘फॉरेस्ट’ म्हणजे झाडांचे जंगल नव्हे. तो एक कायद्याचा अंमल होता. त्याच्या हद्दीत गावे, शेते, ओसाड माळ सारे काही असे. मात्र हरणाला आणि त्याच्या चाऱ्याला हात लावणे हा राजाविरुद्ध गुन्हा ठरे. दुसऱ्या हेन्रीने ११८४ साली या अंमलाचे नियम जाहीर केले, तेही वुडस्टॉकलाच. रमणा ही याहून वेगळी वस्तू होय. ती कुंपणाच्या आतली, खाजगी मालकीची जमीन. बाहेर मातीचा बांध, त्यावर ओकच्या फळ्यांचे उंच कुंपण आणि आतल्या बाजूस खंदक. काही रमण्यांच्या कुंपणात एके ठिकाणी अशी योजना असे की बाहेरचे हरीण उडी मारून आत येई, पण आतल्याला बाहेर जाता येत नसे. सरंजामी मालमत्तेच्या स्वरूपाचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही.

१०८६ सालच्या ‘डूम्सडे’ मोजणीत अशा रमण्यांची संख्या चाळिसाच्याही आत आहे. इ. स. १३०० च्या सुमारास ती ३२०० च्या घरात गेली होती आणि इंग्लंडच्या एकूण भूमीपैकी सुमारे २ टक्के भूमी त्यांखाली होती, असा अंदाज ऑलिव्हर रॅकहॅम या अभ्यासकाने केला आहे. दोन टक्के हा आकडा लहान वाटेल. परंतु काळ कोणता, हे पाहा. इ. स. १३०० च्या आसपास इंग्लंडची लोकसंख्या मध्ययुगातील उच्चांकावर होती, कुटुंबाच्या वाट्याची जमीन तुकड्यातुकड्यांनी घटत होती, हलक्या माळावरही नांगर फिरत होता. १३१५ ते १३१७ या वर्षांत तर पाऊस आणि दुष्काळ यांनी माणसे अन्नावाचून मेली. म्हणजे भूमीची भूक जेव्हा सर्वांत तीव्र, नेमक्या त्याच काळात हरणांसाठी राखलेली भूमी सर्वांत अधिक.

याला कायद्याचा आधारही मिळाला. १२३५ सालच्या मर्टनच्या कायद्याने गावच्या सामाईक कुरणास कुंपण घालण्याची मुभा जमीनदारास दिली. अट एवढीच की कुळांना पुरेशी चराई उरावी. पुरेशी म्हणजे किती, हे ठरविण्याच्या कचेऱ्या कोणाच्या होत्या, हे सांगावयास नको. कित्येक ठिकाणी कुंपणाच्या डागडुजीचा भारही गावकऱ्यांवरच असे. आपल्याच गायरानाभोवती आपणच वेठीने कुंपण घालावयाचे, असा हा व्यवहार होता.

आणि या भूमीचे उत्पन्न काय? हरणाचे मांस राजरोस बाजारात विकले जात नसे. ते मेजवानीत वाढावयाचे, बिशपला किंवा शेजारच्या उमरावाला भेट धाडावयाचे. त्याला किंमत नव्हती आणि म्हणूनच प्रतिष्ठा होती. रमण्यात सरपण, इमारती लाकूड, थोडी भाड्याची चराई होई हे खरे. पण त्याचा मूळ हेतू उत्पादन हा नव्हता. दुसऱ्याला अन्न पिकविता येईल अशी जमीन आपण मोकळी ठेवू शकतो, हे दाखविणे हाच त्याचा उपयोग. नफ्याच्या गणिताने सरंजामशाही समजावून घेऊ पाहणाऱ्यांची येथे गफलत होते.

रमण्यांना उतरती कळा लागली ती १३४८-४९ च्या महामारीनंतर. मजूर दुर्मिळ झाले, मजुरी वाढली, कुंपणाची निगा परवडेनाशी झाली. १३५१ च्या कायद्याने मजुरी बांधून टाकण्याचा यत्न झाला, तो फसला. या वाढत्या आत्मविश्वासातूनच १३८१ चे बंड उभे राहिले. स्मिथफील्डच्या मैदानात वॉट टायलरने राजापुढे ज्या मागण्या ठेवल्या त्यांत रमणे, राने आणि पाणी सर्वांसाठी खुले करावे, अशी मागणी होती, असे नाइटन हा बखरकार नमूद करतो. सेंट ऑल्बन्स येथे विल्यम ग्रिंडकोब याच्या नेतृत्वाखाली लोकांनी मठाधिपतीच्या रानांची कुंपणे मोडली, एक जिवंत ससा पकडला आणि भर गावात शिक्षेच्या खोड्यावर बांधून ठेवला. गावकऱ्यांची घरगुती जाती जप्त करून मठाच्या दिवाणखान्यात फरशी म्हणून बसविली होती, कारण दळण मठाच्याच गिरणीत यावयास हवे होते. ती जाती लोकांनी उखडली आणि त्यांचे तुकडे प्रसादासारखे घरोघर वाटून घेतले. ग्रिंडकोब पुढे फासावर गेला. ही हकीकत सांगणारा वॉल्सिंगहॅम त्याच मठातला होता आणि बंडखोरांचा कट्टर द्वेष्टा होता, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल वाढते.

नऊ वर्षांनी, १३९० साली, सत्तेने उत्तर दिले. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसाने शिकारी कुत्रे व जाळी बाळगू नयेत, असा कायदा झाला. कारण स्पष्ट नोंदविले होते: सणाच्या दिवशी सज्जन चर्चमध्ये असता मजूर आणि कारागीर शिकारीच्या निमित्ताने जमतात आणि राजाविरुद्ध कट रचतात. हरणापेक्षा जमावाचीच भीती अधिक होती.

वुडस्टॉकची भिंत मात्र टिकली. १७०५ साली राणी ॲनने हा रमणा मार्लबरोच्या ड्यूकला ब्लेनहाइमच्या विजयाबद्दल बहाल केला. तेथे सार्वजनिक पैशाने प्रासाद उभा राहू लागला, कॅपेबिलिटी ब्राउनने तळी आणि हिरवळी रचल्या, आणि १८७४ मध्ये विन्स्टन चर्चिल तेथेच जन्मला. १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत त्याचे नाव आहे. राजाची शिकार, सेनापतीचे बक्षीस, जगाचा वारसा. मालकीच्या समर्थनाची भाषा तेवढी बदलत गेली.

या समर्थनाचा आजचा पवित्रा पर्यावरणाचा आहे, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ब्लेनहाइमच्या हाय पार्कमध्ये शेकडो वर्षांचे ओकवृक्ष उभे आहेत. भिंत नसती तर ते कधीच कुऱ्हाडीखाली गेले असते, असे म्हटले जाते. ओक खरोखरच अमोल आहेत. पण लंडनजवळच्या एपिंगच्या रानातही तितकीच जुनी झाडे आहेत, आणि ती भिंतीने राखलेली नाहीत. सरपणाचा हक्क असलेले गावकरी बुंधा न तोडता माथ्याच्या फांद्या ठराविक काळाने छाटीत, आणि अशी छाटलेली झाडे दीर्घायुषी होतात. हे रान जमीनदारांनी कुंपणात घेऊ नये म्हणून १८६० च्या दशकात लाउटन गावच्या थॉमस विलिंगेल या मजुराने फांद्या तोडण्याचा हक्क बजावला. त्याच्या घरची माणसे त्यापायी तुरुंगात गेली. प्रकरण पुढे लंडन महापालिकेने लढविले आणि १८७८ च्या कायद्याने एपिंग जनतेसाठी खुले राहिले. त्याच कायद्याने फांद्यांचा हक्क मात्र नष्ट केला. मोबदल्याच्या ७००० पौंडांतून गावाला एक सभागृह मिळाले. मध्यमवर्गाला फिरावयास रान, मजुराला सरपणाऐवजी सभागृह!

त्याच १८७८ साली त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात वन कायदा केला आणि आपल्या डोंगरांवर ‘राखीव’ हा शब्द चिकटविला. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गिळलेल्या पडित जमिनी आणि गायराने यांचा जो हिशेब मागितला, त्याची पार्श्वभूमी ही आहे. मायदेशी रान खुले करणारा आणि येथे बंद करणारा कायदेकार एकाच वर्षी जागा होता, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही; लंडनच्या रहिवाशाला वर्तमानपत्र होते, ठाण्याच्या कातकऱ्याला नव्हते.

इंग्लंडमधील हा वाद संपलेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटच्या डोंगरावर बेनी रॉथमन आणि त्याच्या तरुण कामगार सोबत्यांनी सामुदायिक प्रवेश केला आणि पाच जणांनी तुरुंगवास भोगला. १९४९ मध्ये ॲटलींच्या मजूर सरकारने सार्वजनिक पायवाटा नकाशावर आणल्या. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामाईक जमीन पायी फिरणाऱ्यास खुली केली. त्यात इंग्लंडची सुमारे ८ टक्के भूमी येते. स्कॉटलंडने २००३ मध्ये याहून पुष्कळ पुढे जाऊन जवळपास सारी भूमी मोकळी केली. इंग्लंडमध्येही तसेच करू, असे मजूर पक्षाने सांगितले होते. २०२३ मध्ये सत्ता दृष्टिपथात येताच त्याने शब्द फिरविला. जमीनदारांच्या संघटनांचा विरोध होता, एवढ्यावर समाजवादी परंपरेच्या पक्षाने माघार घ्यावी, हे क्लेशदायक आहे. ॲटलींपुढे हा विरोध काही कमी नव्हता.

२००० च्या कायद्यातील अपवादांची यादी वाचनीय आहे. उद्यान अथवा ‘पार्क’ म्हणून वापरात असलेली जमीन तीतून वगळली आहे. ब्लेनहाइममधून मात्र एक जुनी सार्वजनिक पायवाट आजही जाते. त्या वाटेवरून कोणीही तिकिटावाचून चालू शकतो. वाट सोडून ओकच्या सावलीत जायचे तर मालकाची परवानगी लागते.