गाडी भरलेली, गल्ला रिकामा

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न आता वारंवार दिसू लागला आहे. वडिलांचे कपड्याचे दुकान आहे. मुलगा बी.कॉम. झाला आहे आणि तो म्हणतो, "अब्बा, गाळा भाड्याने देऊन टाकू, सगळा माल ऑनलाइन विकू." वडिलांना पटत नाही, पण मुलाला काय उत्तर द्यावे तेही सुचत नाही. दुकानात दुपारभर गिऱ्हाईक नसते आणि कुरियरवाल्याची गाडी मात्र दिवसातून तीनदा मोहल्ल्यात येते.

वाचकहो, गाडी भरलेली दिसते ती विक्री. नफा काही गाडीत दिसत नाही.

अ‍ॅमेझॉनचेच पाहा. 1995 साली या कंपनीने पुस्तके विकायला सुरुवात केली आणि पूर्ण वर्षाचा पहिला नफा तिने 2003 मध्ये दाखवला. इतकी वर्षे भागधारकांच्या आणि कर्जाच्या पैशावर दुकान चालले. आपल्यापैकी कुणाला आठ वर्षे तोट्यात गल्ल्यावर बसता येईल? पुढेही मोठी कमाई माल विकून आली नाही. 2022 साली संगणकसेवेच्या धंद्यात, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना आपली यंत्रणा भाड्याने देण्यात, अ‍ॅमेझॉनला सुमारे 2,280 कोटी डॉलर नफा झाला. त्याच वर्षी माल विकण्याच्या धंद्यात अमेरिकेत आणि बाहेर मिळून हजार कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. 2023 मध्ये अमेरिकेकडची विक्री नफ्यात आली खरी, पण त्या वर्षी जाहिरातींचे उत्पन्नच सुमारे 4,700 कोटी डॉलर होते. आपला माल यादीत वर दिसावा म्हणून विक्रेते जे पैसे मोजतात, त्याचा मोठा वाटा यात आहे. ऑनलाइन माल मांडणारा मुलगा हाच तो विक्रेता.

आता आपल्या मुंबईकडे या. राधाकिशन दमाणी यांनी डीमार्टचे पहिले दुकान 2002 साली पवईत उघडले. झगमगाट नाही, बहुतेक दुकानांची जागा स्वतःची, पुरवठादाराला पैसे लवकर देऊन स्वस्तात घेतलेला माल. हा साधा वाण्याचा हिशेब आहे आणि दुकाने नफ्यात आहेत. 2023-24 मध्ये सुमारे पन्नास हजार कोटींच्या विक्रीवर कंपनीला अडीच हजार कोटींच्या आसपास नफा झाला. म्हणजे शंभर रुपयांमागे पाच. पण याच कंपनीची घरपोच सेवा, डीमार्ट रेडी, तोट्यात चालत आली आहे. कारण सोपे आहे. दुकानात गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने येते, माल स्वतः निवडते, पिशवी स्वतः उचलते. घरपोच विक्रीत ही तिन्ही कामे पगार देऊन करून घ्यावी लागतात, आणि त्या पाच रुपयांत ते बसत नाही.

कपड्यात याहून मोठी अडचण आहे, ती परत येणाऱ्या मालाची. एक हिशेब मांडून पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी धरले आहेत, आपण आपले घालावेत. 560 रुपयांना पडलेला पंजाबी ड्रेस ऑनलाइन 800 ला लावला. दहा पाठवले, माप बसले नाही किंवा रंग फोटोसारखा नव्हता म्हणून तीन परत आले. सात विकले, त्यावर 240 प्रमाणे 1,680 सुटले. कमिशन आणि पाठवणीचे नगामागे 150 धरले तर 1,050 गेले. तीन नग परत आणण्याचे 360 आणि दहांच्या पॅकिंगचे 150. हातात उरले 120 रुपये. त्यात एखाद्या परत आलेल्या ड्रेसवर अत्तराचा डाग निघाला की तेही गेले. शिवाय परराज्यात ऑनलाइन माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते.

तेच दहा ड्रेस दुकानात घासाघीस होऊन 750 ला गेले तर 1,900 सुटतात. मात्र इथे वडिलांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. गाळा आपला आहे म्हणून त्याचे भाडे ते हिशेबात धरत नाहीत. सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतः बसतात, त्या मेहनतीचा पगार धरत नाहीत. आणि उधारीची वही! ईदला नेलेल्या कपड्यांचे पैसे बकरी ईद आली तरी येत नाहीत, आणि नातेवाईक म्हणून मागता येत नाहीत. तिकडे ऑनलाइनवाला पैसे घेतल्याशिवाय पाकीट हातात देत नाही. दोन हजार रुपयांचे दुकान बाराशेवर येते ते स्पर्धेपेक्षा या वहीमुळे, असे आमचे मत आहे. त्याच मुलाला ही वही सांभाळायला दिली तर तो बरेच काही वाचवील.

मोबाईल, चार्जर, बंद डब्यातला माल जिथे सगळीकडे सारखाच मिळतो, तिथे छोट्या दुकानदाराने किमतीच्या लढाईत उतरू नये, तिथे तो हरणारच. पण शरारा कमरेत अर्धा इंच आत घ्यायचा, दुपट्ट्याला जुळते अस्तर शोधायचे, निकाहसाठी चार बहिणींचे कपडे एका रंगात हवेत, ही कामे गोदामातून होत नाहीत. त्यांचे पैसे लोक खुशीने देतात. मुलाचा मोबाईल इथे कामाला येतो. नवा माल आला की जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जावेत, माप आधीच वहीत असावे, माल गावातच पोहोचवावा.

तरीही मुलाचा हट्ट असेल तर गाळा सोडू नका, भाडेकरूही ठेवू नका, कारण एकदा दिलेला गाळा परत मिळवायला किती वर्षे लागतात ते आपल्याला माहीत आहे. या रमजानपासून चाळीस नग त्याच्या हवाली करा. माल रोखीचा असावा, व्याजाने पैसे काढून भरलेला नको. वही वेगळी, आणि तिच्यात परत आलेल्या नगांचा रकाना पहिला. बकरी ईद झाली की दोघांनी आपापली वही घेऊन एका दस्तरखानावर बसावे. अम्मींनाही बसवा, घरात पैसा किती पोहोचला हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.