नडगी दुखते, मोबाईल म्हणतो ‘अस्थिभंग’! भरतीच्या पोरांना कळेल अशी माहिती देणार कोण?

नाशिक रोड : पहाटे पाचला सामनगाव, पळसे, शिंदे, चेहेडी, कुठल्याही रस्त्याला जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एकेका सेकंदावर नोकरी अडलेली. अशात पाय दुखला तर दवाखान्याला वेळ नाही आणि पैसाही नाही. मग मोबाईलला विचारायचं. अडचण तिथंच सुरू होते.

मराठी आहे, पण कळत नाही

मोबाईलवर मराठीत माहिती मिळते, पण बरीचशी इंग्रजीवरून जशीच्या तशी उतरवलेली. ‘तणावजन्य अस्थिभंग’, ‘निर्जलीकरण’, ‘मूत्रपिंडाचे कार्य बाधित होणे’. बारावी झालेल्यालाही दोनदा वाचावं लागतं. घरात आपण म्हणतो, नडगी ठणकते, पोटरीत गोळा आला, अंगातलं पाणी कमी झालं. रुग्णासाठीची माहिती सहावीच्या मुलाला कळेल अशी असावी, असं अमेरिकेतली डॉक्टरांची संघटना सांगते. तरी तिथलीही बहुतेक माहिती त्याहून अवघड निघते. मग आपल्याकडचं काय बोलावं?

फवारणीच्या औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. अक्षर न येणारा मजूरही तो ओळखतो. पिकाच्या औषधाला जे जमलं, ते माणसाच्या दुखण्याला का जमू नये?

शरीर बोलतं, ऐकायला शिकवणारं हवं

हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवलं. तेव्हापासून जिल्ह्यातली कितीतरी पोरं पळण्याचं स्वप्न बघतात. पण त्या पातळीवर खेळाडूसोबत प्रशिक्षक असतो. तालमीतल्या पैलवानाला वस्ताद असतो. हा थकवा आहे की इजा, हे तो चालीवरून ओळखतो. गावातला पोरगा एकटाच पळतो आणि ‘सहन कर’ एवढंच ऐकतो.

त्याची किंमत मोठी असते. २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर पळताना दहाहून अधिक उमेदवारांचा जीव गेला.

साध्या भाषेत एवढं लक्षात ठेवा

- नडगीची आतली कड लांबवर दुखत असेल तर पळणं कमी करा, आराम द्या. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येते, रात्रीही ठणकतं, तर हाडाला चीर असू शकते. पळणं बंद, डॉक्टरांना दाखवा.
- पळताना छातीत दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर लगेच थांबा. ‘एक राऊंड राहिला’ म्हणू नका.
- उन्हात पळणारा बरळायला लागला किंवा पडला, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, मान आणि काखेत बर्फ ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.
- जास्त सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- दुखण्याची गोळी खाऊन पळू नका. इजा तशीच राहते, फक्त कळायची बंद होते. अंगात पाणी कमी असताना यातल्या काही गोळ्या किडनीलाही त्रास देतात.

काम जिल्ह्यातच होऊ शकतं

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. तिथल्या जाणकारांनी अशी माहिती बोलीच्या मराठीत लिहावी, आशाताई आणि भरतीची पोरं यांना वाचून दाखवावी, जिथं अडतील तो शब्द बदलावा. याला फार निधी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आणि भरतीच्या मैदानावर ती लावता येईल, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजातही पाठवता येईल.

बैल लंगडला तर शेतकरी औत सोडतो, पेरणी एक दिवस लांबली तरी चालते. पोटच्या पोराचा पाय लंगडतो तेव्हा मात्र आपण म्हणतो, भरती जवळ आलीय, पळ.