सहीचे पूजक

दिवाणखान्यांत जुनी फ्रेंच फुलदाणी ठेवणारास आम्ही दोष देत नाहीं. सौंदर्यास देशाची सीमा नसते. आमचा कटाक्ष आहे तो सहीच्या अंधभक्तीवर. काचेवर ‘गाले’ हीं दोन अक्षरें दिसलीं कीं आमचा संग्राहक धन्य होतो! पण नांसीचा काचकलावंत एमिल गाले १९०४ सालीं वारला. त्याच्या पश्चात् कारखान्यानें कांहीं वर्षें त्याच्या नांवाशेजारीं तारका घालून माल काढिला. अलीकडे रुमानियांत ‘टिप गाले’, म्हणजे गालेच्या धर्तीचा, अशा खुणेचा नवा माल निघाला. त्यांतील ‘टिप’ घासून टाकिलें कीं झाली पुराणवस्तु! सेव्रच्या चिनी मातीवरील गुंफलेले दोन ‘एल्’ तर नकलाकारांनीं एकोणिसाव्या शतकांतच सर्रास उचलले होते.

मग पारख करावी कशाची? काचेच्या थरांची, कोरणीची, बुडाच्या झिजेची. ही दृष्टि पुण्यास परकी नाहीं. कवि ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती जमविल्या आणि तो संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. त्या वस्तूंवर सह्या कोठें आहेत? कारागीर बहुतेक अनामिक. साक्ष देते ती घडण.

ज्यास घरची निनांवी समई पारखतां येत नाहीं, त्यास नांसीची फुलदाणी काय उमगणार? त्यानें आधीं केळकर संग्रहालयांतील अडकित्त्यांपुढें तासभर उभें राहावें. खरेदीची घाई मग करावी.